सोलापुरात दोन दिवस: कडक भाकरी, शेंगा चटणी आणि कुडलचा संगम

सोलापूरला येणारे बहुतेक लोक सोलापूरसाठी येतच नाहीत. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर असं देवदर्शन ठरलेलं असतं. मुक्काम सोलापुरात, सकाळी लॉजवर चहा, जाताना हायवेवरच्या दुकानातून चटणीचं एक पाकीट आणि झालं सोलापूर. हे फार चुकीचं आहे. या गावाला दोन दिवस द्यावेत, आणि ते घड्याळ बघून द्यावेत, कारण इथलं खाणं वेळेला बांधलेलं आहे. सकाळचं दुपारी मिळत नाही आणि रात्रीचं सकाळी मिळत नाही.

आधी येण्याचं बघू. पुण्या-मुंबईचे लोक इथे हमखास फसतात. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापुरातून पुण्याला जाते आणि संध्याकाळी पुण्यातून परत निघते. मुंबईची वंदे भारतही तशीच, पहाटे इथून जाते आणि रात्री उशिरा परत येते. दोन्ही गाड्या सोलापूरकरांच्या सोयीच्या. पाहुण्याने या गाडीने यायचं ठरवलं तर तो रात्री स्टेशनवर उतरतो आणि संध्याकाळ वाया जाते. मुंबईहून यायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सगळ्यात बरी, सकाळी नाश्त्याच्या वेळेला सोलापुरात सोडते. परतीला मात्र पहाटे उठायची तयारी असेल तर हुतात्मा आणि वंदे भारत दोन्ही उत्तम. पुण्याहून स्वतःची गाडी असेल तर साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता चांगला आहे.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा सकाळी अकरानंतर किल्ला नाही की देऊळ नाही, घरात बसावं. जानेवारीच्या मध्याला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा होम, शोभेचं दारूकाम, हे सगळं संक्रांतीच्या आगेमागे चालतं. ते पाहायचं असेल तर खोली महिनाभर आधी घ्या. नुसतं गाव बघायचं असेल तर तेवढे दिवस टाळा. मिरवणुकीच्या वेळी गावातले रस्ते बंद असतात, रिक्षा मिळत नाही.

सकाळी पहिलं काम नाश्ता. पूर्व भागात, म्हणजे अशोक चौक, कन्ना चौकाच्या बाजूला, तेलुगू भाषक विणकरांची वस्ती आहे. यंत्रमागाच्या पाळ्या लवकर सुरू होतात, म्हणून तिथे इडली, वडाही लवकर सुरू होतो आणि दहाच्या आत आटोपतो. चटणी पातळ असते, इडलीवर ओतून घ्यायची. दुसरं नाव लक्षात ठेवा ते सुशीला. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे आणि कांदा, हिरवी मिरची, हळदीच्या फोडणीत परतायचे, वरून डाळव्याचं पीठ, कोथिंबीर, लिंबू. सगळा खेळ भिजवण्याचा आहे. चुरमुरे पाण्यात रेंगाळले की त्याचा लगदा होतो, आणि पीठ घालायला उशीर झाला तर ओल शोषली जात नाही. चांगल्या सुशीलात प्रत्येक चुरमुरा सुटा लागतो. ताटलीत गोळा आला तर दुसरी गाडी बघा.

नाश्ता झाला की सिद्धेश्वर मंदिर. तळ्याच्या मधोमध देऊळ, बाजूला भुईकोट किल्ला. सकाळी दोन्ही लागोपाठ होतात. किल्ला बहमनी काळातला. आत बाग आहे, तटावरून तळं आणि देऊळ एका नजरेत दिसतं. दीड तास पुरे. तिथून जवळच चार हुतात्मा पुतळा चौक. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. 1930 च्या मे महिन्यात सोलापूरने इंग्रजांना शहराबाहेर काढलं होतं आणि त्याचा सूड म्हणून इथे मार्शल लॉ लावला होता. रोज सकाळी पुण्याला जाणाऱ्या त्या गाडीचं नाव याच चौघांचं. महापालिकेची इंद्रभुवन इमारत बाहेरूनच बघावी लागते, पण दगडातलं कोरीवकाम बघायला पाच मिनिटं थांबाच.

आता दुपारचं जेवण, म्हणजे खरा विषय.

कडक भाकरी ही शिळी भाकरी नव्हे. मुद्दाम वाळवलेली भाकरी आहे. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळतात, त्यामुळे ते चिकट होतं आणि पातळ थापता येतं. बाजरीची असेल तर वर तीळ. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली की मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत आतली सगळी वाफ काढायची, मग चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. ओल शिल्लक राहिली तर दोन-चार दिवसांत बुरशी धरते, म्हणून घेताना बोटाच्या टिचकीने वाजवून बघा. पापडासारखा कोरडा आवाज आला पाहिजे. वाकली किंवा मऊ लागली तर घेऊ नका. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. त्या ज्वारीची भाकरी पांढरी आणि चवीला गोडसर असते, दुकानात ‘मालदांडीची आहे का’ असं विचारायला लाजू नका.

खायची कशी? वाटीत तुकडे करून त्यावर आमटी किंवा रस्सा ओतायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. लगेच खाल्लं तर टाळू सोलवटते, पाच मिनिटं ठेवलं तर पीठ होतं. दुसरी रीत तुकडा, दही आणि चटणी. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली, शेंगाभाजीबरोबर. नावावरून शेवग्याची किंवा ओल्या शेंगांची भाजी वाटते, तसं काही नाही. भाजलेल्या दाण्याचं कूट, भाजलेला कांदा, खोबरं, लसूण आणि काळं तिखट यांचा दाट रस्सा. कूट घातल्यावर आच मंद ठेवून सारखं हलवत राहावं लागतं, नाहीतर तळाला धरतं. शांतपणे शिजली की दाण्याचंच तेल सुटून वर तांबडी तर्री येते. पोटाला जड आहे, दोघांत एक वाटी घ्या. जेवण खानावळीत घ्यायचं, मोठ्या एसी हॉटेलात नाही. मांसाहारी असाल तर सावजी खानावळीत मटण आणि पातळ रस्सा. तिखट खरोखर तिखट असतं, पहिला घास कमी घ्या.

शेंगा चटणीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सोलापूरच्या नावाने बाहेर जे विकलं जातं त्यात बरंच नुसतं तिखट कालवलेलं दाण्याचं कूट असतं. खरी चटणी उखळात कुटलेली. कुटताना दाणा चिरडला जातो, तेल बाहेर येतं, लसूण आणि तिखट त्या तेलात मुरतं. मिक्सरचं पातं दाणा कापतं, आणि जास्त फिरवलं तर गरम होऊन लगदा करतं. ओळखायची खूण अशी की चिमटीत दाबल्यावर चटणीची वडी व्हावी, बोटाला तेल लागावं आणि मध्येमध्ये दाण्याची कणी दिसावी. भुकटी उडाली तर ती कुटलेली नाही. कागदाच्या पिशवीवर तेलाचा डाग उमटत असेल तर ती चांगलीच खूण समजा.

घरी करायची तर पाव किलो दाणे, दहा-बारा लसूण पाकळ्या, तीन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरं, चवीला मीठ. दाणे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजा. मोठ्या आचेवर वरून काळे ठिपके पडतात आणि आत कच्चे राहतात, मग चटणीला कडवट चव येते. भाजल्यावर पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे कुटले तर वाफेची ओल आत अडकते आणि आठवड्यात चटणी खवट होते. सालं चोळून काढा, थोडी राहिली तरी चालतात. आधी लसूण, जिरं आणि मीठ कुटा, मग मूठमूठ दाणे घाला, तिखट शेवटी. उखळ नसेल तर मिक्सर दोन-दोन सेकंद थांबवत फिरवा आणि प्रत्येक वेळी चमच्याने वरखाली करा. कोरड्या बरणीत दोन-तीन आठवडे टिकते. ओला चमचा घातला की संपलं.

गोडात शेंगापोळी. दाण्याचं कूट आणि गूळ यांचं सारण, वर साजूक तूप. आठवडाभर टिकते, त्यामुळे प्रवासाला उत्तम. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, ती हॉटेलात शोधू नका. लग्नात, जत्रेत, कुणाच्या घरी पंगतीला मिळाली तर वाटी परत भरून घ्या. डिसेंबर-जानेवारीत आलात तर एक सकाळ हुरड्याला द्या. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, त्यात ज्वारीची कोवळी कणसं, हातावर चोळून निघालेला गरम दाणा आणि शेंगा चटणी. गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीचा हुरडा मागा. नऊ ते अकरा ही वेळ. कणीस जुनं झालं की दाणा घट्ट होतो आणि चोळूनही सुटत नाही, म्हणून फेब्रुवारी उजाडला की आधी फोन करून विचारा.

संध्याकाळी पार्क चौपाटीवर गर्दी असते, भेळ, भजी वगैरे. विजापूर वेशीतले शीक, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस, खाणाऱ्यांनी अंधार पडल्यावर जावं. निखाऱ्यावरून उतरलेला शीक लगेच खायचा, बांधून नेला की कोरडा पडतो. रमजानमध्ये तिथला मीना बाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडा. अक्कलकोट साधारण चाळीस किलोमीटर. रेल्वेने जायचं मनात असेल तर लक्षात घ्या, अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-बारा किलोमीटर लांब आहे. एसटी सरळ गावात सोडते. गुरुवार टाळा, स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिरात रांग फार लांब जाते. दुपारी अन्नछत्रात प्रसाद घ्यावा आणि संस्थानचं शस्त्रागारही बघावं. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळावी. तुळजापूर आणि नळदुर्ग एका दिवसात त्रिकोण करून होतात. नळदुर्गचा पाणीमहाल 1613 साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधला. नर आणि मादी हे धबधबे मात्र बंधारा भरून वाहिला तरच दिसतात. चांगला पाऊस झाल्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जा. उन्हाळ्यात गेलात तर कोरडी भिंत बघून परत याल. किल्ला मोठा आहे, तीन तास आणि दोन लिटर पाणी धरा.

पण एकच जागा निवडायची झाली तर मी हत्तरसंग कुडल निवडेन. भीमा आणि सीना यांचा संगम, सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, विजापूरच्या दिशेला. मोबाइलवर रस्ता शोधताना पूर्ण नाव टाका. नुसतं ‘कुडलसंगम’ लिहिलं तर नकाशा कर्नाटकातल्या बसवेश्वरांच्या कूडलसंगमला, कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर नेतो. हरिहरेश्वर मंदिराच्या उत्खननात मातीखालून बहुमुखी शिवलिंग निघालं. एका लिंगावर 359 मुखं कोरलेली आहेत, एकाखाली एक, ओळीने. तिरप्या उजेडात, म्हणजे सकाळी किंवा चारनंतर, चेहरे वेगवेगळे दिसायला लागतात. माथ्यावर ऊन असताना नुसता खडबडीत दगड वाटतो.

शेजारच्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी हा एक. मान वर करून शोधावा लागतो, टॉर्च जवळ ठेवा आणि उजेड समोरून न टाकता बाजूने टाका म्हणजे अक्षरांच्या कडा उठतात. शेवटचे शब्द आहेत, ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच भाषेत आपल्याला उद्देशून हे लिहून ठेवलंय आणि ते आजही कळतं. एवढ्यासाठी चाळीस किलोमीटर काहीच नाहीत. तिथे खायला भरवशाचं काही मिळत नाही. कडक भाकरी, चटणी, कांदा आणि दही बांधून न्या. नदीचं पात्र खोल आहे, पावसाळ्यात पाण्यात उतरू नका.

परत जाताना चादर घ्यालच. चाटी गल्लीत किंवा कारखान्याच्या दुकानात जा. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला उलट्या रंगात दिसते. उलटी करून बघा. मागे धागे लोंबत असतील तर ती इथल्या पद्धतीची वीण नव्हे. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासा, रंग लागला तर दुसरी मागा. घरी पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात मूठभर मीठ टाकून, आणि वाळवायला सावलीत. कडक भाकऱ्या चादरीच्या घडीत ठेवल्या तर घरापर्यंत एकही मोडत नाही. चटणी मात्र डब्यात घालून वेगळ्या पिशवीत, नाहीतर नव्या चादरीला तेल लागेल.