कॅल्व्हर्टच्या कड्यांजवळ, एका खाचेच्या शोधात

मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कमध्ये गाडी लावली की चेसापीक उपसागराच्या काठापर्यंत जंगलातून जवळपास ३ किलोमीटर चालावं लागतं. बहुतेक लोक तिथे शार्कचे दात वेचायला येतात. मी गेले होते सँड डॉलरसाठी, म्हणजे समुद्री अर्चिनच्या कुळातल्या चपट्या, गोल प्राण्याच्या कवचासाठी, त्यातही अबर्टेला अबर्टी या मायोसीन काळातल्या (सुमारे सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या), आता नामशेष झालेल्या जातीसाठी.

कडे ढासळतात, म्हणून त्यांच्या पायथ्याशी जायला बंदी आहे. ती पाळावीच. लाटांनी मोकळ्या पुळणीवर आणून टाकलेलं तेवढं चाळायचं.

तासाभरात चाळणीत तुकडे जमले. करडे, बिस्किटाएवढे जाड. एक उन्हात तिरका धरला तर तुटलेली बाजू चकाकली, कारण या प्राण्यांच्या कवचातली प्रत्येक पट्टिका म्हणजे कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचा एकेक स्फटिक असतो. उलटा केला. खालून फाटे फुटत गेलेल्या बारीक पन्हळी बोटाला लागल्या. उथळ समुद्राच्या वाळूत पडून टिपलेले अन्नकण याच वाटांनी तोंडाकडे जायचे. किती वेळ मी त्यावरून बोट फिरवत होते!

पण मला हवी होती कड. आज अटलांटिकच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मेलिटा या सँड डॉलरच्या कवचाला आरपार फटी असतात. उत्तरेकडच्या एकिनॅरॅक्नियस या दुसऱ्या सँड डॉलरची कड अखंड गोल. अबर्टेलाला फटी नाहीत, फक्त मागच्या बाजूला एक खाच. १८४२ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ कॉनरॅड यांनी या जातीला स्क्युटेला या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) जागा दिली होती. १९५३ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ डरहॅम यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली आणि जातीच्या ‘अबर्टी’ या जुन्या नावावरूनच तिला अबर्टेला म्हटलं. मला हे फार आवडतं. नवं घर मिळालं, पण नाव माहेरचंच राहिलं.

निघायच्या बेतात असताना तो तुकडा मिळाला. तळहाताच्या निम्म्याएवढा, आणि कडेला गुळगुळीत, आत वळलेली खाच. ती मोडल्याची खूण नव्हती, वाढतानाच घडलेली होती. तुटल्या बाजूने आत डोकावले तर कवचाला आतून पेलणारे बुटके खांब दिसले आणि त्यांच्यामध्ये घट्ट बसलेली वाळू. एक कोटी वर्षांहून जुन्या समुद्रतळाची. घरी आल्यावर तुकडा ब्रशने साफ केला, पण ती वाळू तशीच राहू दिली.