सुरीच्या रॅकसाठी मॅग्नेट घेताना

आईचं मनगट गेली दोन वर्षं दुखतंय आणि ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये चमच्यांच्या गर्दीत हात घालून सुरी शोधायची हे मला बघवत नव्हतं, म्हणून भिंतीवर लाकडी पट्टी लावायची आणि आतून मॅग्नेट बसवायचे असं ठरवलं. जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान घरात पडलेलं होतंच.

आधी जुन्या स्पीकरमधले काळे गोल मॅग्नेट लावून बघितले. म्हणजे फेराइट. पट्टीवर नुसता ठेवला की सुरी धरतो, पण मध्ये ३ मिमी लाकूड आलं की सुरी हळूहळू खाली घसरते, आणि घसरणारी सुरी ओट्यावर कुणाच्या हातावर पडेल सांगता येत नाही. मग निओडिमियम, म्हणजे त्याहून कितीतरी जोरदार चंदेरी मॅग्नेट, घ्यायचं ठरवलं. दुकानात एन-३५, एन-४२, एन-५२ असे ग्रेड असतात, आकडा मोठा तितका त्याच मापात जोर जास्त. मी आधी सरळ एन-५२ आणले, २० मिमी व्यासाचे, ५ मिमी जाड.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मॅग्नेटवर जो ६-७ किलोचा आकडा सांगतात तो जाड लोखंडाला थेट चिकटवून सरळ बाहेर ओढायचा. आपली सुरी पातळ, मध्ये लाकूड, आणि तिचं वजन खाली ओढतंय, समोर नाही. घसरू न देणारा जोर हा घर्षणाचा, तो त्या आकड्याच्या कितीतरी कमी. आणि अंतर वाढलं की पकड झपाट्याने पडते, त्यामुळे ग्रेडपेक्षा समोर लाकूड किती ठेवलंय ते महत्त्वाचं. ३ चे २ मिमी केले तेव्हा जो फरक पडला तो ग्रेड बदलून पडला नव्हता.

पण २ मिमीवर एन-५२ लावले तर आईने सुरी काढताना झटका बसला. "अरे, रोज एवढी ओढायची का मी?" म्हणाली. बरोबर होतं तिचं, दुखऱ्या हाताने झटका देऊन धारदार पातं काढणं म्हणजे अपघातच. म्हणून शेवटी त्याच मापाचे एन-३५ घेतले आणि मला आजही तीच निवड योग्य वाटते, रॅक कोण वापरणार त्याच्या हाताला विचारून ग्रेड ठरवा.

बसवताना सुतारकाकांनी खूप मदत केली. ७ मिमीची पट्टी रंधून घेतली, मागून ५ मिमी खोल भोकं. फोर्स्टनर बिटचं (सपाट तळाचं गोल भोक पाडणारं ड्रिलचं पातं) मधलं टोक मात्र पुढून बाहेर येतं, पहिली पट्टी तशीच वाया गेली, मग काकांनी टोक घासून बारीक केलं आणि तळ पटाशीने साफ केला. दोन मॅग्नेटच्या मध्यांत २५ मिमी अंतर ठेवलं म्हणजे रुंद पातं दोघांवर येतं, शेजारच्या मॅग्नेटचे ध्रुव उलटसुलट, आणि मागे २ मिमीची लोखंडी पट्टी, त्याने पकड अजून घट्ट होते. आरल्डाइट ओलं असताना शेजारचे मॅग्नेट उडी मारून एकमेकांना चिकटतात, त्यात माझा एक फुटला, फार ठिसूळ असतात हे, तेव्हा एक सोडून एक चिकटवा, बाकीचे दुसऱ्या दिवशी. वरून जवसाचं तेल दिलंय.

घ्यायच्या आधी घरातल्या सुऱ्या फ्रिजच्या मॅग्नेटने तपासा. बहुतेक स्टीलच्या सुऱ्यांना तो चिकटतो, ताटवाट्यांच्या स्टीलला बहुधा नाही, आणि पांढऱ्या सिरॅमिक सुरीला तर नाहीच. नारळाचा कोयता मी रॅकवर लावत नाही, तो जड आहे, त्याची जागा खालीच. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी हे मॅग्नेट छातीजवळ नेऊ नयेत.

उरलेले सहा मॅग्नेट डब्यात बंद करून माळ्यावर ठेवलेत. भाची दोन वर्षांची आहे, आणि असे दोन मॅग्नेट पोटात गेले तर आतड्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओढून आतडं चिमटतात.