१२ की २१? डिसमिस झालेली केस परत उभी करताना (माझा अनुभव)

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत लाईनवर होते. बाळंतपणाच्या रजेवर असतानाच घरी पत्र आलं, कामगिरी समाधानकारक नाही म्हणून कमी केलंय. माझ्याच लाईनवरचा एक पोरगा गाडीवरून पडून तीन महिने घरी होता, त्याची जागा ठेवली, माझी नाही. तेव्हाच्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे रजा होती आणि त्या रजेत कामावरून काढताच येत नव्हतं, तरी काढलं. ९० दिवसांच्या आत लेबर कोर्टात यूएलपी (अनुचित कामगार प्रथेची तक्रार) टाकली, तिथपर्यंत सुरळीत.

पुढची तारीख होती १२. वकिलांच्या ज्युनियरने डायरीत लिहिली २१. मी २१ ला बाळ सासूबाईंकडे ठेवून दोन बस बदलून गेले तर बोर्डावर माझा नंबरच नाही. पट्टेवाले म्हणाले, ताई १२ लाच पुकारा झाला, कोणीच हजर नव्हतं, डिसमिस. मला तिथंच रडू आलं. वकील म्हणाले रडू नका, गैरहजेरीत गेलीय, रिस्टोरेशनचा, म्हणजे केस परत उभी करायचा, अर्ज टाकू, पण ३० दिवस धरून चला, ऑर्डरची आणि रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीची) नक्कल तेवढी तुम्ही आणा.

तेवढी!

पहिल्या दिवशी कोर्ट फी स्टॅम्पवाला जेवायला गेलेला, तो आलाच नाही. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला. मग क्लार्क म्हणे फाईल रेकॉर्डला गेली, रेकॉर्डवाले म्हणे आमच्याकडे आलीच नाही, वर जा, खाली या, साहेब रजेवर आहेत सोमवारी या, सोमवारी गेले तर झेरॉक्स मशीन बंद. पाचव्या खेपेला कळलं की मी अर्जात नंबरच चुकीचा टाकलाय, मूळ केसचा सोडून अंतरिम अर्जाचा. चूक माझी, कबूल, पण तिघांनी तो कागद हातात घेऊन बघितला होता, एकाला सांगवलं नाही? शेवटी एका वयस्कर क्लार्क बाईंनी कपाटावरचा गठ्ठा स्वतः खाली ओढला, वरून तिसरी फाईल माझीच. २७व्या दिवशी नक्कल हातात.

अरे हो, नक्कलच्या अर्जाची शिक्का मारलेली पोच जपून ठेवा, उशीर झालाच तर डिले कंडोनेशनला (उशीर माफ करायच्या अर्जाला) तीच दाखवायची. आणि हे सगळं फक्त गैरहजेरीत काढलेल्या केसचं. पुरावे बघून फेटाळली असेल तर यूएलपी ज्या कायद्याखाली टाकतात त्याच्याच कलम ४४ खाली इंडस्ट्रियल कोर्टात रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडून निकाल तपासून घेणं), ते प्रकरण वेगळं.

कंपनीने विरोध केला, पण केस रिस्टोअर झाली, ५०० रुपये कॉस्ट (खर्चापोटी भरायची रक्कम) भरायला लावून. चूक ज्युनियरची, कॉस्ट माझी. वकिलांना म्हटलं फीमधून वळते करा, ते हसले, मी नाही हसले. पुढची तारीख मी स्वतः रोजनाम्यात बघून लिहून आणली, आकड्यात पण आणि अक्षरात पण.