चिऱ्याचं घर, सड्यावरची पायपीट आणि भरतीचं गणित

रत्नागिरीकडे उन्हाळ्यात चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचं, घर बांधायला काढलं की हिशेब उलटा मांडावा लागतो. ७ जूनच्या आसपास मिरग (मृग नक्षत्र) लागतो, आणि वळवाची एखादी सर त्याच्याही आधी येऊन जाते. म्हणून २० मेला कौलं चढलेली हवीत. तिथून मागे मोजत या. छपराला १० दिवस, लिंटलच्या (दारं-खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या पट्टीच्या) वरचे थर आणि दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंती यांना १२, जोत्यापासून लिंटलपर्यंत १५. म्हणजे १३ एप्रिलला जोत्यावर पहिला थर बसला पाहिजे, आणि पाया व जोतं फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकलेलं हवं. हा हिशेब २० बाय ३० फुटांच्या बैठ्या घराचा आहे.

या ३७ दिवसांत काम अनेकदा थांबतं, आणि ते थांबायलाच हवं. सुट्टीत आलेल्या मुलांना घेऊन सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, किंवा खाडीला जायचे दिवस तेच. पण आधी चिरा, कारण घराचं सगळं आयुष्य त्याच्यावर आहे.

खाणीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की त्यातली लोहाची द्रव्यं घट्ट होतात आणि तो कडक होत जातो. त्यामुळे चिरा तीन महिने आधी आणून, मोकळ्या रचाईत हवेशीर ठेवावा. खाणीवरून थेट भिंतीत गेलेला चिरा पुढे कडांनी ढासळतो. खाणीचा वरचा थर सहसा टणक आणि जितकं खाली जावं तितकी माती जास्त, म्हणून गाडी भरताना तिथे उभं राहावं. पांढरट-पिवळ्या मातीचे पट्टे दिसले तर तो चिरा बाजूला काढायचा. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत वाजला पाहिजे, बद्द आवाज आला तर नको.

आणखी एक परीक्षा घरच्या काट्यावर होते. सुका चिरा तोला, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजन १२ टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. ३२ किलोचा चिरा ३६ च्या पुढे गेला तर पश्चिमेच्या भिंतीला तो अजिबात लावू नका, पावसाळाभर आतून ओल येत राहील.

मापं खाणीगणिक बदलतात. १५ बाय ९ बाय ७ इंचाचा चिरा धरला आणि अर्ध्या इंचाचा सांधा ठेवला, तर ९ इंची भिंतीच्या १०० चौरस फुटांना साधारण १२४ चिरे लागतात. वर सांगितलेल्या घराच्या बाहेरच्या भिंती १० फूट उंच धरून आणि दारं-खिडक्या व त्रिकोणी भिंती वगळून ८५० चौरस फूट भरतात. म्हणजे १,०५५ चिरे, फुटतूट धरून १,१३० मागवा. सिमेंट-वाळू १:६ असेल तर दर १०० चौरस फुटांना दीड ते दोन पोती सिमेंट जातं. चिरा ओबडधोबड असेल तर दोनच धरा.

खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातल्या मिठाने लिंटलच्या सळ्या गंजतात आणि भिंतीला लोणा (खारट पांढरा थर) फुटतो. धुतलेली क्रश सँड परवडते.

लावण्याआधी चिरा भिजवलाच पाहिजे. कोरडा चिरा मालातलं पाणी शोषून घेतो, सिमेंट नीट धरत नाही आणि सांध्यात बोट घातलं तर भुगा येतो. एप्रिलच्या उन्हात गवंडी ही पायरी टाळतात, तेव्हा घरातल्या कोणीतरी पाइप हातात घेऊन उभं राहावं. दिवसाला चार-पाच थरांपलीकडे भिंत चढवू नये, खालचा ओला माल दबून ओळंबा जातो. भिंत दर्शनी ठेवायची असेल तर माल ओला असतानाच सांधे अर्धा इंच खरवडून ठेवा, या दर्जा (सांध्यांच्या फटी) नंतर १:३ सिमेंट-वाळूत भरता येतात.

लिंटल ओतल्यावर तीन दिवस वर थर नको, आणि खालचे टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत. भिंतींना सात दिवस पाणी हवं, गोणपाट टाकून सकाळ, दुपार, संध्याकाळ. मे महिन्यात विहिरी तळाला जातात, म्हणून काम सुरू करण्याआधीच टाकी भरून ठेवा. एक माणूस पाणी मारायला घरी राहिला की बाकीचे मोकळे.

लिंटलनंतरच्या या तीन दिवसांसाठी पहिली पसंती सड्याची. ज्या कातळाचं घर उभं राहतंय, त्याच कातळावर कोणीतरी शेकडो चित्रं कोरून ठेवली आहेत. उक्षी गावचा हत्ती पाहा, आणि राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावरचा तो अवाढव्य हत्ती, ज्याच्या आकृतीत इतर प्राणी कोरले आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. सकाळी सहाला चालायला लागा, तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषा उठून दिसतात. नऊला परत फिरायचं, कारण सड्यावर सावली नाही आणि कातळ तव्यासारखा तापतो. माणशी तीन लिटर पाणी आणि घोट्यापर्यंतचे बूट घ्या. आकृतीवर पाय देऊ नका.

बुटांचं कारण फुरसं, हा छोटा विषारी साप. जांभ्याच्या रंगात ते इतकं मिसळून जातं की फुटावरून दिसत नाही. तेच घराजवळच्या चिऱ्यांच्या रचाईतही येऊन बसतं, म्हणून चिरा उचलताना आधी काठीने ठोकायचं आणि मुलांना रचाईवर चढू द्यायचं नाही. सर्पदंशावरची लस कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

दुसरी वाट जयगड किल्ल्याची. गुहागरकडून येणाऱ्यांनी तवसाळहून फेरीबोट घ्यावी, गाडीसकट पार होता येतं. किल्ल्याचा तट जांभ्याचाच आहे. समुद्राकडचा आणि आतल्या बाजूचा चिरा नीट निरखा. खारा वारा आणि झड दगडाचं काय करतात ते कळलं की पश्चिमेला अडीच फुटांची वळचण का सोडायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाण्यात उतरायचं असेल तर तिथी बघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पहाटे-सकाळीही आणि दुपारी-संध्याकाळीही. सहा तासांनी ओहोटी. अंदाज म्हणून हे पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि ओहोटी लागलेली असताना खाडीच्या मुखाशी पोहू नका, पाणी बाहेर ओढतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी संथ असतं, लहान मुलांना घेऊन जायला तेच दिवस बरे. मे सरत आला की समुद्र फुगायला लागतो, तेव्हा होडीचा बेत आधीच उरका.

परत आल्यावर छप्पर. ३० अंशांचा उतार आणि चहूकडे अडीच फूट वळचण धरली तर छपराचं क्षेत्र सुमारे १,०१० चौरस फूट होतं. त्याला मंगलोरी कौलं १,४०० च्या वर लागतात, १,५०० आणा. रिपांचं (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेऊ नका, आणलेल्या कौलांच्या दहा ओळी जमिनीवर मांडून मोजा. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा एका कौलाच्या जाडीइतकी उंच ठेवायची. नाहीतर पहिली ओळ खाली झुकते आणि तिच्यावरच्या सगळ्या ओळींच्या खाचा उघड्या पडतात, मग झडीचं पाणी आत येतं. वळचणीच्या दोन ओळी तारेने बांधून घ्या. उरलेली कौलं विकू नका. वानरं पहिल्याच पावसाळ्यात पाचपन्नास फोडतात, आणि त्याच साच्याची कौलं पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही.