आमची वाटचाल : तान्ह्यांची फी आणि मोठ्यांचा आधार

आमच्या पाळणाघरात पहिल्या दिवसापासून फी वयानुसार आहे, आणि तिच्यावरून टोमणेही पहिल्या दिवसापासूनच. "एवढंसं बाळ, दिवसभर झोपतं, आणि त्याचीच फी सगळ्यांत जास्त?" बाळ झोपलं म्हणून ताई मोकळी होत नाही. दर दहा मिनिटांनी जाऊन श्वास बघायचा, बाळ उताणं आहे ना ते बघायचं आणि वहीत सही करायची. पाळण्यात उशी नाही, सुटं पांघरूण नाही. दोन-तीन तासांनी डायपर, प्रत्येक वेळी बदलायची गादी पुसणं, हात धुणं. आईच्या दुधाच्या बाटलीवर नाव, तारीख, वेळ. पावडरच्या दुधाची बाटली तोंडाला लागली की उरलेलं तासाभरात ओतून द्यायचं. हे सगळं एक ताई तिघांचंच करू शकते. चौघांचं करते म्हणणाऱ्यांची वही एकदा मागून बघावी.

आमचा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे ती वस्तू म्हणजे दारालगतचा हुकांचा फळा. दीड वर्षापर्यंतच्या मुलाचं कार्ड लाल, दीड ते तीनचं पिवळं, तीनच्या वरचं हिरवं. एका ताईच्या बिल्ल्याखाली लाल तीन, पिवळी पाच किंवा हिरवी आठ. प्रमाणाचे नियम जागोजागी वेगळे असतील, पण तत्त्व तेच. मुलं एकत्र बसवली तर सगळ्यांत लहान मुलाचं प्रमाण लागू; म्हणजे हिरव्यांच्या खोलीत एक लाल कार्ड आलं की त्या ताईकडे तीनच मुलं. जेवणाच्या सुट्टीत ताईचा बिल्ला निघतो, म्हणून बदली ताईचा बिल्ला आधी अडकवायचा, मग पहिलीने उठायचं. हा क्रम चुकला की दुपारी अर्धा तास खोली उघडी पडते, आणि पडझडी, चावाचावी नेमकी तेव्हाच होते.

फीचं गणित याच फळ्यावरून निघतं. एका ताईचा पूर्ण खर्च (पगार, रजेची बदली, दोन पाळ्यांमधला जोडवेळ) १०० धरा. लाल मुलामागे तिचा वाटा ३३, पिवळ्यामागे २०, हिरव्यामागे साडेबारा. जागा, धुलाई, साफसफाई लालमागे १५, हिरव्यामागे १०. म्हणजे तान्ह्याचा खर्च ४८, मोठ्याचा साडेबावीस, दुपटीहून जास्त. पण दुपटीची फी पालक देत नाहीत. म्हणून समजा तान्ह्याला ४२ आणि मोठ्याला २८ लावली. सहा तान्ह्यांमागे ३८ ची तूट येते (दोन ताया २००, जागा-धुलाई ९०, फी २५२), सोळा मोठ्यांमागे ८८ उरतात, आणि ५० हाताशी राहतात. त्यातच कार्यालय, दुरुस्ती, खेळणी. थोडक्यात, मोठी मुलं तान्ह्यांना पोसतात. हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं, पालकांना कोणी सांगत नाही.

आणि नेमका तिथेच घाव बसला. जवळच एक केंद्र उघडलं: फक्त तीन वर्षांपुढची मुलं, आमच्यापेक्षा कमी फी, चकचकीत पाटी. तान्ह्यांचा भार नाही, मग स्वस्त पडणारच! त्यात कौशल्य कसलं? सोळातली सहा मुलं गेली की काय होतं ते बघा. उरली दहा. आठच्या वर म्हणून दोन ताया लागतातच, ताईचा वाटा साडेबारावरून वीसवर, खर्च ३० आणि फी २८. म्हणजे ८८ शिल्लक टाकणारी खोली २० तोट्यात. तान्ह्यांचे ३८ धरून महिन्याला ५८ खड्डा. शांतपणे, एकही तक्रार नसताना, पाळणाघर असं बुडतं. आमचंही बुडायच्या बेतात होतं.

तेव्हा एका आईने मोठ्या मुलाला हलवलं नाही. धाकटं लाल कार्डावर होतं. तिने हिशोब मागितला, कागदावर बघितला आणि म्हणाली, "हे फी-पत्रकावरच छापा की." तेव्हापासून पावतीवर ताईचा वाटा वेगळा दाखवतो. निम्मी भांडणं तिथेच मिटली. बाकी डागडुजी आम्ही केली: मोठी मुलं आठवर आणून एक खोली बंद, ती दुपारी शाळा सुटल्यावर येणाऱ्यांना दिली. त्यांचे तास निम्मे, पण फी निम्मी नाही. शाळेच्या सुट्ट्यांत ती पूर्ण दिवस येतात आणि जागा वर्षभर राखावी लागते.

नव्याने पाळणाघर काढणाऱ्यांनी तान्ह्यांचे प्रवेश तीनच्या पटीत घ्यावेत. तीन ठीक, सहा ठीक. चौथं बाळ सगळ्यांत महाग, कारण त्याच्या एकट्यासाठी दुसरी ताई बसते. फी वाढदिवसाला उतरवू नका, खोली बदलल्यानंतरच्या एक तारखेला उतरवा. मुलाला दीड वर्ष झालं तरी पिवळ्या खोलीत जागा नसेल तर ते लाल ताईकडेच असतं, खर्चही लालचाच. ही ओळ प्रवेश अर्जावर ठळक हवी, खाली बारीक अक्षरात नको. भावंडांची सवलत मोठ्याच्या फीवर द्या. जुळी तान्ही असतील तर सवलत देताना दहादा विचार करा. ती दोन जागा घेतात, तीनातल्या दोन.

त्या केंद्राने हल्ली तान्ह्यांचा विभाग उघडल्याची पाटी लावली आहे. फी सगळ्या वयांना सारखी. चौथं बाळ दाखल झालं की आमच्याकडे विचारपूस सुरू होईल. लाल कार्डांच्या प्रतीक्षायादीत सध्या तरी जागा नाही.