बाबांच्या चूर्णाची बाटली

आमच्याकडे रोज सकाळी बाबा संडासातून बाहेर आले की आईचा पहिला प्रश्न, "झालं का साफ?" बाबांचं वय ८१, गेली पाच-सहा वर्षं रात्री झोपताना चूर्ण घ्यायचे, आधी अर्धा चमचा मग एक मग दोन, आणि तरी दोन-दोन दिवस काहीच नाही, मग तिसऱ्या दिवशी पोटात कळा येऊन चार वेळा पळापळ आणि त्यानंतर दिवसभर गळून गेल्यासारखे पडून राहायचे. आम्हाला वाटायचं म्हातारपण आहे, चालायचंच.

दिवाळीच्या आधी मी पहिल्यांदा त्या बाटलीचं लेबल नीट वाचलं. मी इतकी वर्षं त्याला त्रिफळा समजत होते आणि त्यात सगळ्यात वर होती सोनामुखी. सोनामुखी म्हणजे सरळ जुलाबाचं औषध, ती आतड्याला डिवचून हलवते म्हणून तर कळ येते. कधीतरी चार दिवस घेतली तर ठीक, पण वर्षानुवर्षं रोज घेतली आणि जुलाब होत राहिले तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. त्यात बाबांना बीपीसाठी लघवीची गोळी चालू, ज्यानेही पोटॅशियम कमी होतं. ते कमी झालं की अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि आतडं अजूनच सुस्त होतं. हे कळल्यावर मला रात्रभर झोप नाही.

मग सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांकडे गेलो. तिथे कळलं, कॅल्शियमच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं, लघवीच्या गोळीने मळ कोरडा होतो, आणि वरून बाबा संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हते, रात्री लघवीला उठताना पडायची भीती म्हणून. कवळी नीट बसत नाही त्यामुळे कोशिंबीर, भाकरी सगळं सुटलेलं, नुसतं दूध-पोळी आणि मऊ भात. मळ बनायला पोटात काही जायलाच हवं ना.

डॉक्टरांनी सोनामुखी हळूहळू बंद करायला सांगितली आणि इसबगोल दिला. इसबगोल म्हणजे बीवरचा भुसा, पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ करतो, गुजरातेत उंझ्याच्या बाजारातून देशभर जातो. पण पाण्याशिवाय घेतला तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो, म्हणून एक चमचा पूर्ण ग्लास पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, घट्ट होऊ द्यायचा नाही, वर अजून अर्धा ग्लास पाणी. आम्ही संध्याकाळी सातला देतो, झोपायच्या तोंडावर नाही, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना देऊच नका, आणि हार्ट किंवा किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी आधी विचारा.

माझं आजोळ जुन्नरकडचं, तिकडे डोंगरातले लोक बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून विकतात. आजी म्हणायची ज्याला घरी आई नाही त्याची आई हिरडा. हिरडा, बेहडा, आवळा मिळून त्रिफळा, तो सोनामुखीपेक्षा खूप सौम्य, आणि आता बाबा कधीतरी अर्धा चमचा कोमट पाण्यातून घेतात, पण तोही डॉक्टरांना दाखवूनच. सकाळी चार भिजवलेल्या काळ्या मनुका, आणि चहा-नाश्ता झाल्यावर लगेच संडासात बसायचं, कारण खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं. कमोडवर बसताना पायाखाली पाट ठेवतो, गुडघे वर आले की कुंथावं लागत नाही. या पाटाने खरंच खूप फरक पडला!

एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. शेजारच्या काकूंना पातळ होतंय म्हणून घरच्यांनी जुलाब थांबायची गोळी दिली, पण आत घट्ट मळाचा खडा अडकला होता आणि त्याच्या बाजूने पाणी झिरपत होतं. म्हाताऱ्या माणसाला आठ दिवस साफ झालेलं नसताना अचानक पातळ व्हायला लागलं, किंवा पोट फुगून उलटी होतेय, वारा सरत नाही, संडासातून रक्त जातंय, तर चूर्ण बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सवय अचानक बदलली आणि वजनही कमी होतंय असं दिसलं तरी थांबू नका, दाखवून घ्या.