सासूबाई, स्केचपेन आणि स्ट्रूप

पंचेचाळिशीत मानसशास्त्राचं एम.ए. करतेय म्हटल्यावर सोसायटीतल्या बायका माझ्याशी जरा जपूनच बोलतात. अहो, मन कसलं वाचते, अजून नुसती सेकंद मोजतेय!

मी प्रवेश घेतला तेव्हा इग्नू या मुक्त विद्यापीठाला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालायचा, त्यामुळे माझं बी.कॉम. आडवं आलं नाही. नोट्स कोथरूड-स्टेशन बसमध्ये वाचते, जागा मिळाली तर.

परवा प्रॅक्टिकलच्या सरावासाठी कार्डशीटवर हिरव्या स्केचपेननं ‘लाल’, निळ्यानं ‘पिवळा’ असं लिहिलं आणि सासूबाईंना समोर बसवलं. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. दुसऱ्याच ओळीला त्या अडखळल्या. “हिरव्यानं लाल कशाला लिहायचं? हे शिकवतात तुम्हाला?”

जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३५ साली हेच मोजलं. रंगीत चौकोनांचे १०० रंग सांगायला लोकांना सरासरी ६३ सेकंद लागले, न जुळणाऱ्या शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०. वाचन एवढं अंगवळणी पडलेलं असतं की नको म्हटलं तरी शब्द आधी वाचला जातो. ज्याला वाचताच येत नाही, त्याला ही अडचणच नाही. शेजारची चार वर्षांची चिमुरडी सगळे रंग धडाधड सांगून खाऊ घेऊन गेली.

सासूबाईंना ते भलतंच लागलं. “उद्या परत घे, दुसरा चष्मा लावून बसते.” चष्म्याचा काही उपयोग नाही, पण घेणार. सरावानं वेळ कमी होतो का, तेही बघायचंय.